रविवार हुकला तर उपासना हुकते का?

एका भगिनीचा प्रश्न आहे: "मी मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटीतच जातात. लहानपणी आई म्हणायची, रविवार चुकला की आठवडा चुकला. आता सुट्टी मिळून चर्चला गेले तरी मन लागत नाही, आणि आठवडाभर देवाची आठवणसुद्धा येत नाही. रोजच्या जगण्यात उपासना म्हणजे नेमकं काय? की मी नावापुरती ख्रिस्ती उरले आहे?"

सलाम ताई.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांच्या मंडळ्यांत मी 31 वर्षं पाळक म्हणून काम केलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. नावापुरत्या ख्रिस्ती माणसाला ही बोचणी लागत नाही. बाकीच्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. घरी निवांत असाल तेव्हा वाचा.

'उपासना' हा आपला शब्द आधी नीट बघा. उप म्हणजे जवळ, आस म्हणजे बसणं. जवळ जाऊन बसणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आपल्या आधीच्या पिढ्यांनी रविवारच्या एकत्र येण्याला हा शब्द दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यात गाणं नाही, प्रवचन नाही, डोळ्यांत पाणी येणंही नाही. जवळ बसणं आहे. रुग्णाच्या उशाशी बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे बसणाऱ्याचं मन दरवेळी भरून आलेलं नसतं. कधी झोप अनावर झालेली असते, कधी घरचं काही डोक्यात चाललेलं असतं. तरी तुम्ही तिथे असता, आणि रुग्णाला ते कळतं.

बायबलच्या मूळ भाषांतले शब्द याहून रांगडे आहेत. हिब्रूत एक शब्द आहे त्याचा अर्थ जमिनीपर्यंत वाकणं, लोटांगण घालणं. ग्रीकमधला 'प्रोस्कुनेओ' तसाच, पाया पडण्याचा. दुसरा हिब्रू शब्द 'आवोदा'. त्याचा अर्थ काम, चाकरी, आणि उपासनाही. शब्द तोच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव आदामाला बागेची मशागत करायला ठेवतो, तिथे याच धातूचं क्रियापद आहे. देवाच्या निवासमंडपातली लेव्यांची, म्हणजे सेवेसाठी नेमलेल्या वंशाची, सेवा सांगतानाही तोच धातू. पौल रोमकरांस लिहिताना 12व्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हणतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, आणि त्याला तो 'लात्रेया' म्हणतो. हा ग्रीक शब्दही सेवेचा, चाकरीचा. पौलाने तिथे 'मनं' म्हटलं नाही, 'शरीरं' म्हटलं. रात्रभर उभं राहून दुखणारे पाय, सॅनिटायझरने कोरडे पडलेले हात, हे सगळं त्या 'शरीरं' शब्दात येतं.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं एका उसाच्या फडात.

आमच्या मंडळीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची. मग नवरा-बायकोचा कोयता, पोरं, भांडी, सगळं ट्रकमध्ये चढायचं आणि गावात म्हातारी माणसं तेवढी उरायची. नाताळ यायचा तेव्हा चर्चमध्ये दहा-बारा डोकी. एका वर्षी मी ठरवलं की नाताळची उपासना तोडीवर जाऊन घ्यायची. पाचटाच्या कोप्या, मधे शेकोटी, समोर बैल. अंधार पडल्यावर सगळे जमले. दोन भजनं झाली, लूकचा दुसरा अध्याय वाचून झाला, मी बोलायला उभा राहिलो आणि गाडी भरायला आली. कारखान्याची गाडी थांबत नाही. शुभवर्तमान अर्ध्यावर टाकून सगळी माणसं उठली. बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि फळीवरून मोळ्या वर चढायला लागल्या. मी शेकोटीपाशी बायबल हातात धरून एकटा. मनात आलं, उपासना मोडली.

गाडी भरून व्हायला रात्रीचे दोन वाजले. मी कोपीच्या तोंडाशी पेंगत होतो. टोळीतली सगळ्यात वडीलधारी बाई आली, हातपाय धुऊन, पदर नीट करून समोर बसली आणि म्हणाली, "साहेब, राहिलेली प्रार्थना करा." मागे बाकीचे येऊन बसले. कुणाला उशीर झाल्याचं वाटत नव्हतं, काही मोडल्याचंही वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी भजन, वाचन, मोळ्या, प्रार्थना असा तो एकच ओळीतला उपासनाक्रम होता. प्रभूची प्रार्थना झाली, आशीर्वचन झालं, आणि चार तासांनी सगळे परत फडात. जन्मलेल्या ख्रिस्ताची बातमी पहिल्यांदा रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना मिळाली, हे मी कितीतरी नाताळांना सांगत आलो होतो. ऐकू आलं ते त्या रात्री.

पण इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. 'काम हीच पूजा' असं म्हणून लोक मोकळे होतात. बायबल इतक्या सोप्या रीतीने ते म्हणत नाही. 'आवोदा' हाच शब्द बायबलच्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात चिखल-विटांच्या वेठबिगारीलाही आहे. इस्राएल लोक मिसरच्या राजासाठी, फारोसाठी राबत होते तोही आवोदाच. आणि मोशे फारोला काय म्हणतो? माझ्या लोकांना जाऊ दे, म्हणजे ते माझी सेवा करतील. तिथेही धातू तोच. सगळा झगडा कोणासाठी राबायचं याचा आहे. म्हणून सलग दुसरी ड्युटी लादताना, सुट्टी नाकारताना, पगार तटवताना कुणी तुम्हाला 'नर्सिंग म्हणजे सेवा, देवाचं काम' असं सुनावलं, तर त्या वाक्याला बायबलचा आधार आहे असं मानू नका. मी स्वतः अशा एका संस्थेच्या कमिटीवर होतो जिथे हे शब्द गरीब घरच्या मुलींवर वापरले गेले. मी तेव्हा पुरेसं बोललो नाही, याचं मला दुःख आहे. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातला एक दिवस विसाव्याला ठेवण्याची, आज्ञा गुलामीतून सुटलेल्या माणसांना दिली गेली. अनुवाद नावाच्या पुस्तकात ती आज्ञा देताना तेच कारण सांगितलं आहे: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. थांबणं, झोपणं, हक्काची रजा मागणं, हेही उपासनेत बसतं.

मग कोणतं काम उपासना होतं? माझ्याकडे एक जुनी कसोटी आहे, आणि ती माझी नाही. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला वीट आला आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. नीतिसूत्रांत तर थेट तराजूच आला आहे: खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. तागडी! वेदी नाही, धूप नाही, बाजारातला काटा. तुमच्या वॉर्डातली तागडी कोणती, ते तुम्हालाच माहीत. पहाटे चार वाजता डोळे मिटत असतात, बी.पी. न घेताच मागच्या आकड्यासारखा आकडा चार्टवर लिहिता येतो, आणि बहुधा काही बिघडतही नाही. त्या वेळी उठून पट्टा बांधून खरा आकडा लिहिणं, ही उपासना आहे. मी हे रूपक म्हणून लिहीत नाही. कुणी बघत नसताना देव बघतो आहे असं धरून केलेली कृती, हे उपासनेच्या व्याख्येत पूर्ण बसतं. बेवारस म्हणून आणलेल्या माणसाचं अंग पुसताना पडदा ओढणं, हेही.

दुसरी कसोटी माणसांतली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे अशी तुला आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. किती विचित्र आज्ञा आहे बघा. ऐकणारे गालीलातले होते. वेदी यरुशलेमेत. मधे तीन-चार दिवसांची पायी वाट. अर्पण वेदीपुढे ठेवून परत गालीलात जा, भावाला भेट, मग पुन्हा ये! उपासना अडली तरी चालेल, पण भावाला बाजूला टाकून ती पुढे जाणार नाही.

माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बांधावरून वाकडं आलं होतं. चार फूट जमीन. तीन वर्षं बोलणं नव्हतं, कोर्टात दावा होता, आणि तीन वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन देत होतो. एका रविवारी हाच भाग वाचायला आला आणि माझा आवाज अडकला. उपासना कशीबशी पुरी केली, दुपारच्या एसटीने गावी गेलो. भावाने चहा दिला, फारसं बोलला नाही. मी म्हणालो, चूक माझी आहे. तो म्हणाला, बघू. दावा मागे घ्यायला पुढे दोन वर्षं गेली. पण त्या दिवसापासून भाकर मोडताना माझे हात वेगळे होते. तुम्ही लिहिता की चर्चमध्ये मन लागत नाही. एकदा स्वतःला विचारून बघा, घरात किंवा वॉर्डात कुणाशी काही अडलं आहे का. नसेलही. बऱ्याचदा मन न लागण्याचं कारण नुसता थकवा असतो, आणि थकव्याचं औषध झोप आहे, पश्चात्ताप नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

आता रोजचं. तुम्ही 'आठवणसुद्धा येत नाही' म्हणता, तर आठवणीला खुंटी हवी. नुसतं ठरवून आठवण येत नाही. वसईच्या आपल्या कॅथलिक बांधवांकडे दिवसातून तीनदा आंजेलुस या प्रार्थनेची घंटा होते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. जुनी माणसं शेतात असली तरी हातातलं काम थांबवून उभी राहायची. तुमच्याकडे तर घंटेहून चांगली खुंटी आहे. साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे तुम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायला तेवढाच वेळ लागतो. दिवसातून एकदा, फक्त एकदा, ड्युटीवरचं पहिलं हात धुणं तिच्या नावाने ठेवा. बाकीच्या वेळी ज्याच्या खाटेकडे निघालात त्याचं नाव मनात घ्या आणि म्हणा, "प्रभू, याच्याजवळ ये." झालं. यापेक्षा मोठा नेम मी कुणाला पहिल्या महिन्यात देत नाही, कारण मोठे नेम लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, दुसऱ्या आठवड्यात मोडतात आणि माणूस स्वतःवर चिडून सगळंच सोडतो. रुग्णासमोर मोठ्याने प्रार्थना मात्र त्याने मागितली तरच. खाटेला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे विसरू नये.

आपल्या मराठी मंडळीला यासाठी एक वारसा लाभला आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या 24 वर्षांत ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या, भजनाच्या चालीवर आणली. विलायती चालीला पेटी लागते, चार आवाज लागतात, इमारत लागते. अभंगाला काही लागत नाही. तो निंदताना म्हणता येतो, भाकरी थापताना म्हणता येतो. माझ्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी पदं तिला पाठ होती, आणि ती चर्चपेक्षा चुलीपुढे जास्त म्हटली जायची. तुम्हालाही लहानपणीचं एखादं पद पाठ असेलच. ड्युटीला जाताना बसमध्ये मोबाइलवर ऐका असं मी म्हणत नाही. स्वतः म्हणा, पुटपुटत का होईना. ऐकलेलं गाणं कानात राहतं, म्हटलेलं अंगात राहतं.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनाबद्दल बोलताना लोक 1905 सालचं जागरण सांगतात: मुलींनी रात्र रात्र केलेल्या प्रार्थना, अश्रू, पवित्र आत्म्याचा वर्षाव. ते खरं आहे आणि थोर आहे. पण दुष्काळातून वाचवून आणलेल्या हजाराहून अधिक मुली-बायका तिथे होत्या. त्यांचं दळण होतं, विहिरीचं पाणी होतं, शेत होतं, माग होते, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं चालवलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते बायबल छापून झालं. छपाईचं काम तिथल्याच मुलींच्या हातांनी झालं. जागरणाच्या रात्री आणि छपाईचे खिळे जुळवण्याचे दिवस वेगळे काढता येतील असं मला वाटत नाही. आजकाल आपण उपासनेचं मोजमाप फक्त पहिल्या गोष्टीवर करतो, की किती भरून आलं, किती वेळ हात वर होते. तरुणांच्या गाण्यांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, गावीत. पण कीबोर्ड थांबल्यावर जे उरतं त्यालाही उपासनाच म्हणतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कोरडेपणाबद्दल एवढंच: 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्तोत्रं विलापाची आहेत. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. ते कुणी वगळलं नाही. तुमच्या वॉर्डात एखादं मूल गेलं आणि घरी येऊन तुम्हाला 'परमेश्वरा, का?' याशिवाय काही म्हणता आलं नाही, तर ती बायबलमधलीच प्रार्थना आहे. स्वतःचे शब्द नसतील तेव्हा स्तोत्राचे शब्द उसने घ्यावेत. ते त्यासाठीच आहेत.

मग चर्चला जायचंच कशाला, असं तुम्हाला वाटेल. जायचं, जेव्हा जमेल तेव्हा जायचंच. एकट्याने केलेली उपासना हळूहळू आपल्याच आवडीची होत जाते. आपण आपल्याला रुचणारं वचन वाचतो, आपल्या दुःखाची प्रार्थना करतो. मंडळीत शेजारी न आवडणारा माणूस बसलेला असतो आणि भाकर एकाच ताटातून येते. ते घरी होत नाही. शोमरोन प्रांतातल्या स्त्रीने विहिरीवर येशूला विचारलं होतं, उपासना या डोंगरावर की यरुशलेमेत? प्रभू म्हणाला, हाही नाही, तेही नाही. पिता आत्म्याने व खरेपणाने उपासना करणारे शोधतो. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि जागा-बिगा महत्त्वाची नाही असं म्हणतात. पण त्या बाईने पुढे काय केलं ते वाचा. घागर तिथेच ठेवून ती गावात गेली आणि माणसं घेऊन आली.

तुमच्या आईचं वाक्य म्हणून मी खोडत नाही. पण रविवार हाच वार हवा असं नाही. तुमच्या पाळकांना रोस्टर दाखवा आणि सांगा की या महिन्यात मला प्रभुभोजन कधी मिळेल. हे मागायला संकोच करू नका. घरी येऊन भोजन देणं हे पाळकाचं काम आहे, मेहेरबानी नाही. आमच्याकडे एमआयडीसीत शिफ्टला जाणारी मुलं वाढली तेव्हा आम्ही शनिवारी संध्याकाळी सातची एक छोटी उपासना सुरू केली. पंचांनी आधी विरोध केला. पहिल्या शनिवारी सहा जण आले, त्यांत दोन नर्स होत्या, युनिफॉर्मवर स्वेटर घालून, तिथूनच नाइटला जाणाऱ्या.

त्या दोघींसाठी मी त्या दिवशी 134वं स्तोत्र काढलं होतं. यरुशलेमेच्या वाटेवर यात्रेकरू जी 15 स्तोत्रं म्हणत, त्यांतलं हे शेवटचं, तीनच वचनांचं. सण आटोपला आहे, लोक घरी निघाले आहेत, दिवे लागले आहेत. निघताना ते मंदिरात मागे थांबणाऱ्यांना हाक मारतात: रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांनो, हात वर करा, त्याचा धन्यवाद करा. मंदिरातही पाळ्या होत्या ताई. याजकांचे 24 वर्ग ठरलेले होते, आणि रात्री उभं राहणारी माणसं होती. सगळे निजायला गेले तरी कुणीतरी तिथे जागं असे. आणि शेवटच्या वचनात ते मागे राहिलेले सेवक निघालेल्यांना आशीर्वाद देतात. म्हणजे घरी जाणारे आशीर्वाद घेऊन जातात तो रात्रपाळीवाल्यांचा.

पुढचा रविवार ड्युटीत गेला तर वॉर्डातले दिवे मंद केल्यावर ही तीन वचनं वाचा. आमच्या शनिवारच्या उपासनेत अजूनही रात्री जागणाऱ्यांसाठी प्रार्थना होते, नर्स, वॉचमन, ऊस भरणारे. या शनिवारी त्यात तुम्हीही असाल.